आमरीचे खाते बुडीत नाही

ऑर्किड म्हणजे आपली आमरी. फुले गळून पाने सुरकुतली की ती घरातून थेट उकिरड्यावर जाते. रानात तर तिला पुष्कळजण बांडगूळच समजतात. हा अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषते; झाडावरची आमरी केवळ आधार घेते. तिच्याच एका जातीला मराठीत ‘सीतेची वेणी’ आणि कन्नडमध्ये ‘सीताळे दंडे’ म्हणतात. तीच आसामचे राज्यफूल आहे.

म्हणून रोप टाकण्यापूर्वी मुळे पाहावीत. मऊ, कुजलेली कापावीत. टणक, पांढरट मुळे पाण्याने हिरवी झाली तर जीव आहे. माती नको, कोळशाचे व विटांचे तुकडे, विरळ सावली आणि महिनोन्महिने धीर, एवढेच भांडवल लागते. मात्र हौसेपायी भीमपूरच्या रानातली आमरी ओरबाडून आणणे म्हणजे व्याजासाठी मुद्दलच मोडणे होय.