ब्रागांझा घाट : आजीच्या माहेरची वाट

मागच्या महिन्यात वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने बेळगावला परत येत होतो. कुळे स्थानकात गाडी बराच वेळ थांबली. मागे जादा इंजिनं जोडली गेली, धक्का बसला आणि सहा वर्षांची माझी लेक दचकून म्हणाली, "बाबा, आपल्याला कुणीतरी ढकलतंय!"

खरंच ढकलत होते. या जादा इंजिनांना बँकर म्हणतात. कुळे ते कॅसलरॉक हे सुमारे २६ किलोमीटर त्यांच्याशिवाय पार पडत नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांनी हा घाट दूधसागर बघण्यापुरता पाहिलेला असतो. धबधबा आला की सगळे एका बाजूच्या खिडक्यांवर तुटून पडतात, गेला की पुन्हा मोबाइल. माझी आजी मात्र या प्रवासात कॅसलरॉकची वाट बघायची. तिचं माहेर सावर्डे. लहानपणी तिच्याबरोबर मीटर गेजच्या गाडीने जाताना कॅसलरॉक सुटलं की ती दर वेळी एकच वाक्य बोलायची : "सुटली बाई. आता कोणी अडवत नाही." तेव्हा मला त्याचा अर्थ कळायचा नाही.

आधी घाटाबद्दल. इथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला काहीच नाही. पण अठरा डब्यांची गाडी चारशे मीटरच्या आसपास लांब असते. ती या चढावर असते तेव्हा पुढचं इंजिन शेवटच्या डब्यापेक्षा दहा-अकरा मीटर वर असतं, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीइतकं. लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर चालतं. सपाटीवर त्यामुळे ओढायला हलकं जातं, चढावर मात्र तेच चाक घसरू लागतं. निलगिरीच्या रेल्वेत चढ साडेबाराला १ इतका असल्यामुळे रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी बसवावी लागली. आपल्या घाटात दाते नाहीत. डोंगराला वळसे घालत, बोगद्यांतून, मधे करंझोळ, दूधसागर आणि सोनावळीच्या छोट्या स्थानकांवर दम घेत रूळ वर चढतात.

आणि खरी कसोटी चढण्यात नाही, उतरण्यात आहे. चढताना इंजिन कमी पडलं तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेकची तपासणी सक्तीची असते आणि वेगावर कडक मर्यादा. शिवाय अशा घाटांत कॅच सायडिंग असतं. मुख्य रुळापासून फुटून उलट चढावर जाणारा हा एक बंद फाटा. सांधा एरवी या फाट्याकडेच वळवलेला असतो. उतरणारी गाडी आधी ताब्यात असल्याचं दाखवून थांबते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुसाट आलेली गाडी आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर तिचा जोर संपतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'काही बिघडलं तर व्यवस्था आपोआप सुरक्षित बाजूला पडावी' हे आम्ही मोठ्या बैठका घेऊन एकमेकांना शिकवतो. रेल्वेवाल्यांना ते दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

ही रेल्वे जन्मली ती मात्र एका सौद्यातून. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात उठली आणि मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याला जोडायचं ठरलं. बदल्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला. त्यासाठी ते पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देणार होते. ज्यांची मिठागरं त्यामुळे बंद पडली, त्यांना या करारात कुणी विचारलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणाऱ्या गोव्यात लोकांना महाग मीठ खावं लागलं. १८९२ मध्ये करार संपला. रूळ मात्र राहिले.

बांधकाम लंडनमध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीने केलं. १८८७ मध्ये गाडी मुरगावहून सावर्ड्यापर्यंत आली आणि १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकला पोहोचली. घाटाला पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव मिळालं, ब्रागांझा. दक्षिण महाराष्ट्राचा आणि धारवाडकडचा कापूस मुरगावहून परदेशी जाईल अशी आशा होती, पण मुंबईपुढे ते बंदर अपेक्षेइतकं वाढलं नाही. करार संपल्यावर जकात पुन्हा आली. अलीकडे कॅसलरॉक, पलीकडे कुळे, दोन्हीकडे सामान उघडून दाखवायचं.

माझ्या आजीचं लग्न १९५४ चं. ती याच गाडीने सासरी बेळगावला आली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर सीमेवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने नाकेबंदी केली आणि या मार्गावरची रेल्वे वाहतूक बंद झाली. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं माहेर परदेशाहून लांब झालं. माझे बाबा जन्मले, चालायला लागले, पण आजोळी त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. १९५९ मध्ये आजीचे वडील गेले. बातमी तिला तेरावं उलटून गेल्यावर मिळाली.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढे गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पाच वर्षांच्या बाबांना घेऊन ती सावर्ड्याला उतरली, तेव्हा स्थानकावर घ्यायला तिचा भाऊ एकटाच आला होता. आम्हाला हे सांगताना ती म्हणायची, "पोर्तुगीज गेले तेव्हा मी पेढे वाटले. रडले ती गाडी सुटल्यावर."

नव्वदच्या दशकात इथे ब्रॉडगेज आलं. आता दुसरा रूळ टाकायचा की नाही यावर वाद आहे. मार्ग अभयारण्यातून जातो आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे टप्प्याच्या दुहेरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. गाड्या वाढाव्यात असं मलाही वाटतं. पण मिठागरवाल्यांची गोष्ट कळल्यापासून, करार वाचताना ज्याचं नाव त्यात नाही त्याच्याकडेही बघावं, एवढं शिकलो आहे.

दूधसागर आला. लेक नाचली, फोटो काढले. मग बोगदे, अंधार, उजेड, अंधार. कॅसलरॉकला गाडी थांबली आणि ती विचारू लागली, "इथे काय बघायचं असतं?"

काही नाही. साधा फलाट, थोडी माणसं. तिला मांडीवर घेतलं आणि पणजीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. लोंढा येईपर्यंत ती पुरली.