प्रतिज्ञापत्रे उघड झाली, उमेदवार मात्र तेच

विशेष प्रतिनिधी

लोकसभेच्या २०२४च्या निवडणुकीत विजयी झालेल्या ५४३ उमेदवारांपैकी २५१ जणांनी, म्हणजे ४६ टक्के जणांनी, आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे प्रतिज्ञापत्रात नमूद केले होते. हा हिशेब सरकारी खात्याने मांडलेला नाही. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' (एडीआर) या स्वयंसेवी संस्थेच्या संशोधकांनी एकेक प्रतिज्ञापत्र वाचून तो मांडला आहे.

हे काम कंटाळवाणे असले तरी जोखमीचे आहे. उमेदवाराने नमुना २६ मध्ये दिलेली मालमत्ता, देणी, शिक्षण आणि खटल्यांची माहिती वाचायची, कलमे तपासायची आणि पाच वर्षे वा अधिक शिक्षेचे अथवा अजामीनपात्र गुन्हे 'गंभीर' या वर्गात घालायचे, असे त्याचे स्वरूप असते. २०२४ मध्ये ८,३६० पैकी ८,३३७ उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे अशी तपासली गेली. एका कलमाची चूक म्हणजे एखाद्यावर नाहक बालंट. शिवाय खटला दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. आंदोलनातला गुन्हा आणि खुनाचा आरोप यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे भान संशोधकाला सतत ठेवावे लागते.

ही कागदपत्रे सहजासहजी मिळालेली नाहीत. अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केला. त्यानंतर सरकारने आधी वटहुकूम काढला आणि मग कायद्यात दुरुस्ती करून त्या निकालाला बगल दिली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ती दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली.

पण माहिती उघड झाल्याने चित्र पालटले का? खटले जाहीर करणाऱ्या खासदारांचे प्रमाण २००९ मध्ये ३० टक्के, २०१४ मध्ये ३४ टक्के, तर २०१९ मध्ये ४३ टक्के होते. २०२४ मध्ये खटले असलेल्या उमेदवारांपैकी १५.३ टक्के निवडून आले, खटले नसलेल्यांपैकी केवळ ४.४ टक्के. दुसऱ्या गटात अनामत गमावणाऱ्या अपक्षांचा मोठा भरणा असतो, हे ध्यानात घेऊनच ही तुलना वाचायला हवी. तरीही एक गोष्ट उरते. खटल्यांमुळे पक्ष उमेदवारी नाकारत नाहीत.

याचे मूळ कायद्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार अपात्रता येते ती दोषसिद्धीनंतर, आरोपाने नव्हे. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला की आरोपी तोवर निवडणुका लढवत राहतो. लिली थॉमस खटल्यातील २०१३च्या निकालाने दोषी लोकप्रतिनिधींना मिळणारे संरक्षण गेले, मात्र विलंबाची वाट खुलीच राहिली. डागाळलेला उमेदवार का निवडला, याची कारणे जाहीर करा आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असा आदेश न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. बिहारच्या निवडणुकीत तो न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये काही पक्षांना दंड झाला. दंडाची रक्कम लाखांत होती. पक्षांना ती जड जाण्याजोगी नव्हती.

मग या संशोधनाचा उपयोग काय? त्याचे उत्तर निवडणूक रोख्यांच्या प्रकरणात सापडते. याच संस्थेसह इतरांच्या याचिकांवर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे योजना एकमताने रद्द केली. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती नाकारली. मार्चमध्येच रोख्यांचे क्रमांक जाहीर झाले आणि कोणत्या देणगीदाराचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे जुळवता आले.

संशोधक उमेदवार पाडू शकत नाही, कायदाही करू शकत नाही. न्यायालयासमोर आणि मतदारासमोर ठेवता येईल असा पुरावा तो गोळा करतो. त्या पुराव्याचे वजन वाढवायचे असेल, तर लोकप्रतिनिधींवरील खटले ठरावीक मुदतीत निकाली निघाले पाहिजेत. तसे झाले नाही, तर प्रत्येक निवडणुकीनंतर नवा अहवाल निघेल आणि आकडा तेवढा वाढलेला असेल.