विनय कुणाचा?

साडेसात महिन्यांच्या तान्ह्या मुलीला विनय असतो का? हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे खरोखरच आला होता आणि १९६६ साली त्यावर तीन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. काय घडले, कुणी केले, याचा घोळ नव्हता. घोळ होता १८६०च्या दंडसंहितेतील विनयभंगाच्या कलम ३५४च्या शब्दांचा. सरन्यायाधीश सरकार यांना एवढ्याशा जिवाला विनय आहे असे म्हणवेना. बाकी दोघांनी वय आड येत नाही असे ठरवले, म्हणून आरोपी त्या कलमातून सुटला नाही.

‘विनयभंग’ या शब्दात मोडते ते तिचे. मोडणारा त्यात कुठेच नाही. मग चर्चा तिच्या विनयाचीच होणार! ‘छेड काढली’ म्हटले की प्रकार थट्टेवारी जातो. ‘अतिप्रसंग’ म्हणावे, तर थोडा प्रसंग चालला असता की काय, असे वाटते.

जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर कापडच मोजले. पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेणाऱ्याचा स्पर्श कपड्यावरून झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सो या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, असे त्याने ठरवले. किमान तीन वर्षांची शिक्षा एका वर्षावर आली. मग हातमोजे घातलेला माणूसही सुटेल, असे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सुनावले. नोव्हेंबरात तो निकाल फिरला. महत्त्व लैंगिक हेतूला, असे न्यायालय म्हणाले.

पण हेतू तरी कुणी पाहिला? कचेरीतल्या तक्रारीत तो म्हणतो, ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’. ती म्हणते, ‘मला नकोसं झालं’. दोघेही खरे बोलत असू शकतात, आणि वाद पेटतो तो इथेच. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने वर्तन ‘नकोसे’ होते का, असे विचारले. कुणाला नकोसे, याचे उत्तर त्या शब्दातच आहे. मला हा शब्द विनयापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

१ जुलै २०२४पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ३५४चे ७४ झाले. विनय तसाच राहिला.