‘बेबदो’ची हकीकत

औराद तालुक्यातील चिंताकी व आसपासच्या आपणा सीमावासीयांना मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचा शेजार आहे. सगळे शब्द न कळताही एखादे गाणे अंतःकरणास भिडते, हा अनुभव आपणांस नवा नाही. आज अशाच एका कोंकणी गाण्याची हकीकत सांगावयाची आहे.

१९७१ साली एच. एम. व्ही. कंपनीने एक लहानशी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या एका बाजूस ‘बेबदो’ व दुसऱ्या बाजूस ‘पिसो’ हे गीत होते. बेबदो म्हणजे आपला बेवडा. आणि पिसो म्हणजे पिसा, हे तर सांगावयासही नको. रचना मडगावचे ट्रम्पेटवादक क्रिस पेरी यांची आणि आवाज मुंबईच्या लोर्ना कोर्देरो यांचा.

या गीताची मुळे फार खोल आहेत. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत शतकानुशतके मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. त्या शिदोरीवर कित्येक गोवेकर वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणि हॉटेलांतील वाद्यवृंदांत आपला चरितार्थ चालविला. तेथे त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जॅझ आत्मसात केले. त्याच समाजाच्या चर्चमधील भक्तिगीतांतून उपजलेले ‘सोल’ संगीतही त्या काळी जगभर गाजत होते. पेरी यांनी जॅझचा साज कोंकणीस चढविला आणि लोर्ना यांनी त्यात जीव ओतला.

परंतु पुढे या दोघांची ताटातूट झाली आणि तो भरदार आवाज सुमारे दोन तपे मुका राहिला. गाणे मात्र थांबले नाही. ज्या कंठाने ते लोकांच्या ओठी बसविले, तो कंठ आज कोठे आहे, असे विचारणारे किती निघाले असतील? १९९५ साली ‘हॅलो लोर्ना’ या गीतसंग्रहाद्वारे त्या परतल्या, तेव्हा गोव्याने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. पेरी २००२ साली निवर्तले. या दोघांच्या जीवनावरून सुचलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट बार्द्रोय बार्रेतो यांनी काढला. त्यास २०१४ चा उत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

दारुड्याचे गाणे ऐकून आपण हसतो, ताल धरतो; त्याच्या घरची चूल पेटली की नाही, हे विचारीत नाही. गाणाऱ्यांच्या बाबतीतही आपले तसेच होते. आपल्या गावच्या भजनात, चर्चच्या गायनवृंदात वा बँडपथकात एखादा ओळखीचा आवाज अचानक ऐकू येईनासा झाला, तर त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. दोन तपे थांबू नये.