पेडलचा कपॅसिटर: किमतीपेक्षा हिशोब बघा



आपल्यातले निम्मे लोक इंजिनियर, तेव्हा हा विषय इथे काढायला हरकत नसावी.

माझी लेक गिटार वाजवते. तिच्यासाठी एक छोटं बूस्टर पेडल मी घरीच बनवायला घेतलं. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून रेडिओ जुळवले होते, त्या जोरावर! डबी घेतली १५९०ए, म्हणजे साधारण ९३ × ३९ × ३१ मिलिमीटरची. आणि कपलिंग कपॅसिटर घेतले ते नेटवर सगळे नावाजतात तसले, ६३० व्होल्टचे, जाडजूड. सर्किट अवघं ९ व्होल्टचं! झाकण बसेना, म्हणून दाबून बसवलं. शाळेच्या कार्यक्रमात ऐन वेळी आवाज गेला. घरी येऊन उघडलं तर कपॅसिटरची तार तुटलेली. पोरगी काही बोलली नाही, पण मला कळायचं ते कळलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की छोट्या पेडलमध्ये महागडे कपॅसिटर म्हणजे निव्वळ हौस.

कपलिंग कपॅसिटरचं काम काय? डीसी अडवायचं आणि सिग्नल पुढे सोडायचा. किती खालच्या सुरापर्यंत सोडायचा, हे त्याच्या किमतीवर नाही, पुढच्या रेझिस्टन्सवर ठरतं. कटऑफ म्हणजे १ भागिले (२ × पाय × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स). पुढे १ मेगओम असेल तर ०.०१ मायक्रोफॅरड पुरतो, कटऑफ येतो १६ हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे काळजी नाही. पण तोच कपॅसिटर १० किलोओमच्या व्हॉल्यूमपुढे लावा, कटऑफ जातो १६०० हर्ट्झच्या आसपास आणि आवाज पत्र्यासारखा होतो. तिथे १ मायक्रोफॅरड हवा. किंवा व्हॉल्यूम १०० किलोओमचा करा, मग ०.१ मध्ये भागतं. जागा वाचवायचा हा खरा उपाय.

१९६० च्या दशकातला डॅलस रेंजमास्टर बघा. इनपुटला फक्त ०.००५ मायक्रोफॅरड. खालचे सूर मुद्दाम कापलेले, आणि तीच त्याची ओळख!

मग घ्यायचं काय? पॉलिएस्टर फिल्मचे चौकोनी कपॅसिटर, ५० किंवा ६३ व्होल्टचे, पायांत ५ मिलिमीटर अंतर असलेले. सिरॅमिक त्याहून लहान मिळतात, पण सिग्नलच्या वाटेवर सी०जी जातीचेच लावा. एक्स७आर जातीच्यांची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते, आणि डबीवर टिचकी मारली तर ती अँपमधून ऐकू येऊ शकते.

"पण कानाला फरक कळतो," असं काही जण म्हणतील. कळत असेल बुवा. मी त्याच किमतीचे, म्हणजे कपॅसिटन्स तेवढाच असलेले, जाडे आणि बारके फिल्म कपॅसिटर आलटून पालटून लावले. मला कळलं नाही आणि लेकीलाही नाही. तुटलेली तार मात्र अख्ख्या हॉलला कळली.

नवीन पेडलचे शेवटचे दोन कपॅसिटर तिनेच सोल्डर केले. झाकण एका बोटाने बसलं.

असो. चू. भू. द्या. घ्या.

आपला,
एक सोल्डरबहाद्दर बाप