यंत्राचा मैला कोण उपसतो?

सध्या पांढरपेशांची झोप उडालीय. यंत्राला म्हणे अक्कल फुटली. मे २०२३ मध्ये जगातल्या बड्या शास्त्रज्ञांनी, आणि हीच यंत्रं विकणाऱ्या शेठलोकांनीसुद्धा, एका वाक्याच्या पत्रकावर सह्या ठोकल्या की कृत्रिम बुद्धीनं मानवजात नष्ट व्हायचा धोका अणुयुद्धाच्या रांगेत धरा. झालं, आमचे प्राध्यापक-समीक्षक गळा काढायला लागले. यंत्र कविता करतं, आता आमचं काय?

मी गोदीत माल उचलतो आणि कविताही करतो, तेव्हा दोन्हीकडनं बोलायचा मला हक्क आहे. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले, गँगच्या गँगचं काम एकटी क्रेन करायला लागली. तेव्हा कुठल्या समीक्षकाला मानवजात आठवली? पाठीचं काम गेलं तर प्रगती, डोक्याचं गेलं तर प्रलय! तोंडातनं कोण जन्मला नि पायातनं कोण, हा मनूचा हिशेब अजून चालूच आहे.

आणि हे यंत्र एवढं सोवळं कसं बोलतं, ते कुणी विचारत नाही. इंटरनेटवरचा सगळा मैला गिळून ते वाढलं. मग तो मैला ओळखून बाजूला काढायला माणसं लागली. ओपनएआयसाठी हे काम केनियात, नैरोबीत झालं. जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं ते चव्हाट्यावर आणलं. हातात तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नव्हते, आणि पोरं पाळीभर बलात्काराची, लेकरांवरच्या अत्याचाराची, खुनाची वर्णनं वाचून त्यांवर खुणा करत होती. डोक्यात कायमच्या जखमा झाल्या, असं त्यांनीच सांगितलं. आपल्या गावात ह्या कामाला काय म्हणतात, ते मी सांगायला नको. टोपली तेवढी बदलली.

आपल्याकडं हातानं मैला उपसण्यावर १९९३ ला बंदी आली, २०१३ ला परत आली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला गटारात मेलेल्या माणसाची भरपाई दहा लाखांवरनं तीस लाख करावी लागली. गटार साफ करणारं यंत्र केरळातल्या पोरांनी २०१८ लाच बनवलंय. पण वस्तीतला माणूस स्वस्त पडतो ना.

आता हेच बोलकं यंत्र आमच्या मनाचं डॉक्टर व्हायला निघालंय. अमेरिकेत जोसेफ वायझेनबॉमनं १९६६ मध्ये एलिझा नावाचा प्रोग्राम केला होता. तुमचंच वाक्य प्रश्न करून तुमच्या तोंडावर फेकायचा, बस्स. लोक त्याच्यापुढं मन उघडं करायला लागले, तसा बनवणाराच हादरला आणि पुढं आयुष्यभर विरोधात बोलत राहिला. ही भीती मला पटते. शेठलोकांची नाही पटत, भ्यायची आणि विकायची दुकानं त्यांनी एकाच छपराखाली मांडलीत.

२०१७ च्या कायद्यानं मनाचा उपचार हा हक्क केला. हक्क कागदात, आणि रात्रपाळीचा गडी मोबाइललाच विचारतो, झोप का येत नाय? मोबाइल सांगतो, दीर्घ श्वास घ्या. गोणीच्या धुळीत? ठेकेदार उद्या बोलावेल का नाही, ह्याचा श्वास कसा घ्यायचा असतो?

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादला गेला. हॉस्टेलातनं हाकललेला, विद्यावृत्ती अडकलेला पोरगा. शहाणे लोक मात्र त्याचा आजार त्याच्या डोक्यात हुडकत बसले. जातीचं निदान करणारा मानसोपचार अजून कुठल्या मोबाइलात आलेला नाही.

त्याच मे २०२३ मध्ये, कामगारदिनी, नैरोबीत दीडशेहून जास्त कामगार जमले. फेसबुक, टिकटॉक, चॅटजीपीटीचा मैला उपसलेले. युनियन करायचा ठराव त्यांनी केला. मानवजातीची काळजी वाहणाऱ्या किती संपादकांनी ती बातमी छापली? छापली असेल त्यानं कात्रण आमच्या पत्त्यावर पाठवावं, गोदीच्या भिंतीवर चिकटवतो.