खोंड आणि त्याचे प्रतीक

आमच्या ग्रंथालयातील एका जाडजूड चित्रसंग्रहात डच चित्रकार पाउलुस पॉटर याचे 'खोंड' हे १६४७ सालचे चित्र आहे. मूळ चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात असून ते जवळजवळ साडेतीन मीटर रुंद आहे. एवढा मोठा कॅनव्हास त्या काळी राजेरजवाड्यांसाठी नि पुराणकथांसाठी असे. एकवीस वर्षांच्या पोराने तो एका खोंडाला दिला! (पुढे अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो वारला.)

वर्गात या चित्राची चर्चा निघाली की ती प्रतीकांपाशी जाऊन थांबते. गाय म्हणजे डच भूमी, खोंड म्हणजे तरुण प्रजासत्ताकाची रग, गुराखी म्हणजे प्रजेचा राखणदार. यात तथ्य नाही असे नाही. स्पेनविरुद्धच्या ऐंशी वर्षांच्या लढ्यात गाय ही खरोखरच देशाची खूण झाली होती, आणि १६४८ मध्ये तहही झाला. पण प्रतीक सापडले की आपण चित्र पाहणेच सोडून देतो, ही माझी तक्रार आहे.

मी गुरे राखणाऱ्याच्या घरातला. सुटीत पुस्तक घरी नेले नि आजोबांना दाखविले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले. गोमाश्या दिसल्या, शेण दिसले, गवतातला बेडूक दिसला. मग म्हणाले, "ह्येचं पुढलं अंग थोरल्या बैलाचं हाय आन् मागलं खोंडाचं. ह्यो एक बैल न्हाई."

मी चाटच पडलो. अभ्यासकांचेही हेच म्हणणे आहे, की पॉटरने वेगवेगळ्या वयाच्या जनावरांची रेखाटने जोडून हा खोंड उभा केला. शिवाय आधी तो एकटाच काढायचा होता. मागाहून दोन्ही बाजूंना व वर कापड जोडून चित्र वाढविले. तेव्हा 'राखणदार प्रजेचा' म्हणून आपण ज्याच्यावर पाने भरतो, तो गुराखी नंतरचा पाहुणा!

प्रतीकाला माझा विरोध नाही. मात्र ते शेणामातीतून, दुधालोण्यातून वर आले पाहिजे. त्या कुरणांवर डचांचे पोट होते, म्हणून गाय देश झाली.

पुस्तक मिटताना आजोबांनी विचारले, "ह्यो गडी गुरं राखतोय ती सवताची का दुसऱ्याची?"

वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही.